रुमालाखालचा भाव

आज ग्रुपवर एका नेत्याचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'डील करावी तर यांनीच! चाणक्य!' त्यावर अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं. कुणाच्या पदरात काय पडलं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि टाळ्या मात्र आपण वाजवायच्या?

लहानपणी अण्णांबरोबर डाळिंबं घेऊन मार्केटला गेलो होतो. माल विकून देणारा अडत्या आणि व्यापाऱ्यानं हातांवर रुमाल टाकला, आत बोटं दाबली, झाला सौदा. माल आमचा, पण भाव अण्णांना कळला तो विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर. त्यातून हमाली, तोलाई वजा. रुमालाखाली ठरलेला आकडा हाच होता का, हे विचारायचं कुणाला?

फेब्रुवारी २०१९ मध्ये मातोश्रीवर अमित शहा आणि उद्धव ठाकरे बंद दाराआड बोलले. ऑक्टोबरात विधानसभेचा निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, युतीला सरळ बहुमत. आणि मग वाद, मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं की नव्हतं! खरं कोण बोललं यात मला पडायचंच नाही. मत मागताना आम्हाला का नाही सांगितलंत? माल आमचाच होता ना? पुढे राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरचा सकाळचा शपथविधी, सगळं टीव्हीवर बघत बसलो. अण्णा गाळ्याच्या पायरीवर उभे होते, तसेच.

मान्य, सगळी बोलणी चव्हाट्यावर होत नाहीत. जमिनीचा व्यवहारही आधी घरात बसूनच ठरतो. पण मग इसारपावती होते की नाही? पुणे करार बघा. येरवड्यात गांधीजींचं उपोषण, बाबासाहेबांवर केवढा दबाव! तरी २४ सप्टेंबर १९३२ ला सह्या झाल्या त्या लिहिलेल्या कलमांवर. प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी ७१ च्या जागी १४८ राखीव जागा, संयुक्त मतदारसंघ, सगळं कागदावर. त्या करारावर आजही कडाडून भांडता येतं, ते त्यामुळेच.

अण्णा त्या दिवशी भांडले नाहीत. पट्टी घडी करून खिशात ठेवली, मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही. तेव्हा वाटलं, त्यांना आवडत नसेल.

बाजार समितीत निदान उघड लिलावाचा नियम तरी आहे. मोडला तर बोट दाखवता येतं. युती-आघाडीवाल्यांनीही मतदानाआधी करार लिहून जाहीर करावा. कोणतं पद कुणाला, किती वर्षं, आणि सगळ्यांच्या सह्या.