एक सिनेमा दाखवला की होलोकॉस्ट शिकवून होत नाही

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. जेरुसलेमची याद वाशेम ही स्मारकसंस्था किंवा लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, कसा शिकवावा याचं प्रशिक्षण शिक्षकांना देतात, ते म्हणे अनावश्यक आहे. हिटलरने साठ लाख ज्यू मारले हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा सिनेमा दाखवावा, वर्गात प्रसंग करून घ्यावा, मुलांना आपोआप कळतं. एनसीईआरटीचा नववीचा नाझीवादाचा धडा मी अनेक वर्षं शिकवला आहे. म्हणून हे उत्तर.

‘सगळ्यांना ठाऊक आहे.’ इंग्लंडमध्ये हा विषय 1991 पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. तरी याच लंडनच्या संस्थेने 11 ते 18 वयाच्या साडेनऊ हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 2016 मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा बहुतेकांना ज्यूद्वेषासाठीचा इंग्रजी शब्दच माहीत नव्हता. 1933 च्या जर्मनीत ज्यू लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. मुलांचा अंदाज त्याच्या कितीतरी पट होता. म्हणजे ‘ज्यूंनी देश व्यापला आहे’ हा नाझी प्रचार नकळत त्यांच्या डोक्यात शाबूत होता, आणि धडा शिकवून झालेला होता!

‘हिटलरने मारले.’ मला सर्वांत जास्त खुपतं ते हे वाक्य. एकट्या माणसाला साठ लाख लोक मारता येत नाहीत. 7 एप्रिल 1933 च्या कायद्याने ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढलं, तेव्हा त्यांचे तास दुसऱ्या कुणीतरी घेतले. नाझी शिक्षक संघटनेत 1937 पर्यंत देशातले जवळपास सगळे शिक्षक सामील झाले होते. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं, ती नावं हजेरीपटावरून कुणीतरी आपल्या हाताने खोडली. पुढे रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी गाड्यांची वेळापत्रकं आखली, शेजाऱ्यांनी ज्यूंच्या घरातलं सामान लिलावात विकत घेतलं. कीव्हजवळ बाबी यार इथे सप्टेंबर 1941 मध्ये दोन दिवसांत 33,771 ज्यू गोळ्या घालून मारले गेले. तिथे गॅस चेंबर नव्हतं, बंदूक धरणारी माणसं होती. हे वगळून शिकवलं तर मूल सगळा दोष एका राक्षसाच्या माथी मारून मोकळं होतं.

‘सिनेमा दाखवा.’ नाझी छावणीप्रमुखाचा मुलगा आणि कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा यांच्या मैत्रीचा ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ शाळाशाळांतून दाखवला जातो. होलोकॉस्ट शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ते मूळ पुस्तक टाळावं, असं ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या जागी असलेल्या स्मारक संग्रहालयाने 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं. कारण साधं आहे: लहान ज्यू मुलं छावणीत कुंपणाशी गप्पा मारायला उरतच नव्हती, बहुतेकांना उतरल्या उतरल्या मारलं जाई. शिवाय गोष्टीच्या शेवटी डोळ्यांत पाणी येतं ते छावणीप्रमुखाच्या मुलासाठी.

वर्गातल्या नाट्याबद्दल थोडक्यात. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या शिक्षकांसाठीच्या सूचनांतही ते टाळायला सांगितलं आहे. मुलांना वाटतं आपण ते ‘अनुभवलं’. ते खोटं आहे, आणि कोवळ्या मुलासाठी घातकही.

या मजकुरातली चीड मला एका बाबतीत समजते. अर्ध्या दिवसाच्या, प्रमाणपत्रापुरत्या कार्यशाळेने काही हाती लागत नाही. पण चांगलं प्रशिक्षण मुलांना या विषयात सुखरूप आत न्यायला आणि सुखरूप बाहेर आणायला शिकवतं. छायाचित्र समोर आलं की ते मारणाऱ्याने काढलंय की मरणाऱ्याने, हे आधी विचारायला शिकवतं.

वॉर्सा घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांचे सहकारी गुपचूप कागद गोळा करत होते: डायऱ्या, निबंध, रेशनची कुपनं. ऑगस्ट 1942 मध्ये इस्रायल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांसह ते पत्र्याच्या पेट्यांत भरून शाळेच्याच तळघरात पुरले. त्यांपैकी दाविद ग्राबर 19 वर्षांचा होता. जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. हे वर्गात वाचलं की मुलं विचारतात, ‘सर, पेट्या सापडल्या का?’ त्या 1946 मध्ये सापडल्या. 1943 मध्ये पुरलेले, कागदांनी भरलेले दुधाचे दोन कॅन 1950 मध्ये मिळाले. तिसरा साठा अजून सापडलेला नाही.