सिनेमा बघून पुस्तक धरलं तर बिघडलं कुठे?

वकिलाने नेहमीप्रमाणे आधी निकाल देऊन टाकला, युक्तिवाद मागाहून. "सिनेमा आला की पुस्तक संपलं. गोष्ट कळली, शेवट कळला. मग चारशे पानं कोण वाचत बसणार?"

"मी," धाकटा म्हणाला. "'शाळा' सिनेमा बघितला आणि मग मिलिंद बोकिलांची कादंबरी मिळवून वाचली. त्याआधी अभ्यासाबाहेरचं पुस्तक मी हातात धरलं नव्हतं."

"पण गोष्ट तर माहीत होती ना?"

"म्हणून तर धरलं. पुस्तकात सगळं शाळकरी जोशी स्वतः सांगतो. वर्गातली शिरोडकर समोर आली की त्याच्या डोक्यात काय काय चालतं, ते पडद्यावर किती येणार? चेहरा दिसतो, आतली बडबड दिसत नाही."

धाकट्याच्या या उत्तरावर मी जाम खूश. पुढे काय होतं एवढ्यासाठीच लोक वाचत असते, तर महाभारत पुन्हा पुन्हा कुणी ऐकलंच नसतं.

वकील मागे हटणाऱ्यातला नाही. "आणि लेखकाचं काय? 'गाईड'चा सिनेमा खुद्द आर. के. नारायण यांना आवडला नव्हता. त्यांचं मालगुडी सोडून सगळं उदयपूरला नेलं. त्यांनी त्यावर वैतागून लेख लिहिलाय."

खरं आहे. पण १९६५चा तो सिनेमा बघितला म्हणूनच मी १९५८ची ती कादंबरी शोधली. सिनेमात शेवटी धो धो पाऊस पडतो आणि नायक राजू प्राण सोडतो. कादंबरीत पावसासाठी उपास करून खंगलेला राजू नदीच्या पाण्यात उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि खाली बसतो. पाऊस खरंच आला का, तो जगला का, नारायण सांगतच नाहीत. त्या शेवटच्या पानावर मी कितीतरी वेळ अडकून होतो. सिनेमाने पाऊस पाडला नसता, तर पुस्तकातला न पडलेला पाऊस मला एवढा जाणवला नसता.

"असंच 'शतरंज के खिलाडी'चं," ताई म्हणाल्या. प्रेमचंदांची कथा एका बैठकीत वाचून होते. सत्यजित राय यांनी १९७७ साली त्यावर पूर्ण लांबीचा सिनेमा केला. सिनेमात मिर्झा आणि मीर हे लखनौचे बुद्धिबळवेडे सरदार भांडतात, पिस्तुलाची गोळी सुटते, पण दोघंही वाचतात आणि पुन्हा डाव मांडतात. ताईंनी नंतर कथा वाचली, तर तिथे दोघंही तलवारी उपसून एकमेकांना मारतात. इंग्रजांनी राज्य घेतलं तेव्हा आपल्या नवाबासाठी ज्यांनी बोट हलवलं नाही, ते पटावरच्या मोहऱ्यापायी मेले. "मी पान उलटून परत वाचलं. मग वाटलं, रायांनी यांना जिवंत का ठेवलं असेल? दोन दिवस डोक्यात तेच." माझ्या मते पुस्तकाकडे ढकलतं ते हेच: सिनेमाने बदललेलं, गाळलेलं. जो सिनेमा सगळं संवादातून समजावून सांगतो, तो बघून उठल्यावर काही शोधावंसं वाटत नाही.

आबांचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. "चेहरे चिकटतात रे. 'सिंहासन' मी सिनेमा बघून वाचलं. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस आला की निळू फुलेच दिसतात. माझा दिगू मला मिळालाच नाही." हे नुकसान आहेच. पण पुढचंही आबांनीच सांगितलं. १९७९चा तो सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'. पटकथा विजय तेंडुलकरांची. ते कळल्यावर आबांनी दुसरीही मिळवली. एक सिनेमा, दोन कादंबऱ्या.

माझी तक्रार वेगळीच आहे. मूळ लेखकाचं नाव पडद्यावर येतं आणि वाचेपर्यंत जातं. 'नटरंग'ची गाणी तोंडपाठ असलेल्या कितीजणांना ठाऊक आहे की मुळात ती आनंद यादवांची कादंबरी आहे? सिनेमा लागला की प्रकाशक नटांचे फोटो छापून नवी आवृत्ती काढतात, त्याला लोक नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. त्या फोटोमुळे कुणी पुस्तक उचललं तर आत लेखकच भेटणार आहे.

वकील जरा थांबला. "'बनगरवाडी' बघितलाय मी, अमोल पालेकरांचा. पुस्तक केवढं आहे?"

"लहान आहे," ताई म्हणाल्या. "व्यंकटेश माडगूळकर एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत. उद्या आणून देते."

"वाचतो. पण यापुढे पुस्तक आधी, सिनेमा नंतर."

"उलटं कर," धाकटा म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.