होलसेल क्षमा

मार्चमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. रस्ता तापलेला, दुकानात चिटपाखरू नाही. फोन वाजला.

"काजूवाल्या ताई न्हवं का? मी सांगलीकडची. डिसेंबरात आमची गाडी थांबली होती बघ तुझ्या दुकानापाशी. दोन किलो नेलं होतं मी. अगं, असलं काजू कधी खाल्लं न्हाई! सुनेच्या माहेरी पण दिलं. आता आणिक दोन किलो पाठव. तसलंच पाठव हां, गोव्याचं."

मी "हो आजी, पाठवते" म्हटलं, पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. कारण ते काजू गोव्याचे नव्हते.

म्हणजे पूर्ण नव्हते. (बघा, लगेच सवलत मागायला लागले.)

फोंड्याजवळ, मंगेशी-म्हार्दोळच्या रस्त्याला आमचं छोटं दुकान आहे. काजू, कोकम, थोडे मसाले, उन्हाच्या टोप्या. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा करत फिरणाऱ्या महाराष्ट्रातल्या गाड्या थांबतात, त्यावर आमचं घर चालतं. त्या वर्षी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं. दहा वर्षांनी येणारा सोहळा, त्यात नाताळ, त्यात शाळांच्या सहली. देवदर्शनाला आलेले, सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, दर्शनाला आलेले, दोन्हीकडे जाणारे, सगळे आमच्या रस्त्याने. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातला इथला माल संपत आला. गोव्याची काजूबी येते मार्च ते मेमध्ये, डिसेंबरात ती झाडावर शोधून मिळणार नाही. एका व्यापाऱ्याकडे बाहेरचा माल होता, आफ्रिकेतल्या बियांचा. गर पांढरा, साइज एकसारखी, ३२० नंबर, म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर. भाव बराच कमी.

आता बाहेरची बी गोव्यात येणं यात काही गुपित नाही. इथल्या कारखान्यांना इथली बी पुरत नाही, ती आयात होते, आणि तो माल विकणं हा काही गुन्हा नाही. आमचा गुन्हा पाकिटावर होता. पाकिटावर छापलं होतं 'अस्सल गोव्याचे'.

रात्री शटर अर्धं ओढून मी मोठ्या परातीत दोन्ही काजू ओतले. खाली बाहेरचे, वर इथले थोडे उरलेले. हाताने खालीवर केले. मिठाची पूड बोटांना चिकटली होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होते की ते "झालं". ते झालं नव्हतं, मी दोन्ही हातांनी केलं होतं. नवरा पाकिटं सील करत होता. तो विनोद करतो चांगले. म्हणाला, "काजू मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, मग गोव्याचा अस्सल काजू असा असतोच कुठे?" दोघंही हसलो. वकिलाला सुचणार नाही इतकी छान पळवाट होती. फक्त २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हेच आम्ही दोघं फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहून बसलो होतो. तेव्हा ब्राझील आठवला नव्हता.

आजी आल्या त्या दिवशी गर्दी होती. नऊवारी, हातात पिशवी, पाय दुखत होते म्हणून मी खुर्ची दिली. मी ख्रिस्ती आहे हे भिंतीवरच्या वचनावरून त्यांना कळलं. "किरिस्ताव आणि एवढं चांगलं मराठी?" हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो आणि माझं उत्तर पाठ आहे. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातले, वडील मुरगाव बंदरात नोकरीला आले. आणि गोव्यात ख्रिस्ती मराठी काही नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये इथे आला, भाषा शिकला, त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, अक्षरं रोमन. एवढं सांगितलं की लोक खूश होतात, कौतुकाने बघतात, आणि माणूस सच्चा आहे असं त्यांना वाटायला लागतं. मला हे ठाऊक आहे. आजींना मी हे सगळं सांगितलं आणि मग त्यांनी विचारलं, "हे हितलंच हाय न्हवं?" मी म्हटलं, "हो आजी, इथलेच." चारशे वर्षांच्या ओव्यांची पत मी दोन किलो काजूला लावली.

त्या रात्री प्रार्थना केली. रोज करतो. जेवणानंतर, मुलांसकट. "प्रभू, आज आमच्या हातून कळत नकळत ज्या चुका झाल्या असतील त्यांची क्षमा कर." आमेन. झोपलो.

माझं म्हणणं इथे आहे, बाकी सगळी प्रस्तावना. आम्ही दुकानदार लोक. पाप किरकोळीत करतो, ग्रॅमवर, पाकिटावर, एकेका "हो आजी"वर. क्षमा मात्र होलसेलमध्ये मागतो. एकच मोठं पोतं, आत काय आहे ते न उघडता देवापुढे ठेवायचं आणि रिकामं परत न्यायचं. "कळत नकळत" हे तर फारच सोयीचं. जे पूर्ण कळून केलं तेही त्या नकळतच्या गर्दीत घुसतं.

आमच्या शेजारच्या बाई कॅथलिक आहेत. त्या कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जातात. आम्ही प्रॉटेस्टंट, लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं, आपल्याला पाद्री लागत नाही, आपण थेट देवाशी बोलतो. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. एकदा गप्पांत त्यांनी सांगितलं, कुमसारात मोघम चालत नाही, "कितें केलें आनी कितले फावट" ते सांगावं लागतं. काय केलं आणि किती वेळा. मी तेव्हा मनात म्हटलं, केवढा हा हिशेब! आता वाटतं, आमचं "थेट" हे थेट कमी आणि मोघम जास्त झालंय. कोणी माणूस ऐकत नाही, त्यामुळे नाव घ्यायची वेळच येत नाही. मी काही माझी मंडळी, म्हणजे माझं चर्च, सोडून निघालेले नाही. पण शेजारीण गुडघ्यावर बसून "तीन वेळा" म्हणते तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त खरं बोलत असते, एवढं कबूल करायला हवं.

अजून एक वाक्य आपल्यात फार चालतं: "देवाला सगळं ठाऊक आहे." अडचणीत असलेल्याने म्हटलं तर ते धीराचं वाक्य आहे. माझ्यासारखीने म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, देवाला ठाऊक आहे ना, मग तुम्हाला सांगायची गरज नाही. १३९वं स्तोत्र आपण किती गोड चालीत म्हणतो. तू माझं बसणं-उठणं जाणतोस, जिभेवर शब्द यायच्या आधी तुला तो माहीत असतो. ते "इथलेच" माझ्या जिभेवर यायच्या आधी त्याला माहीत होतं. हे स्तोत्र गोड आहे की भीतीचं, ते परातीपाशी उभं राहून ठरवावं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी पाळकांनी वर्षाच्या साक्षी द्यायला सांगितलं. मी उभी राहिले. म्हटलं, "प्रभूने या हंगामात आमच्या धंद्याला मोठा आशीर्वाद दिला." लोक म्हणाले, "हालेलुया." आणि ते खोटं नव्हतं! धंदा झाला होता, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, मी चर्चला मोजून दिला होता. तो भेसळीच्या पैशाचाही दशांश होता, एवढंच. खाली बसताना मला हनन्या आणि सप्पीरा आठवले. आठवले आणि मी त्यांना हाकलून दिलं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकात पाचव्या अध्यायात ती गोष्ट आहे. या नवराबायकोने जमीन विकली, काही पैसे ठेवून घेतले, बाकीचे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले, आणि दाखवलं की सगळे आणलेत. लहानपणी वाटायचं की त्यांनी कमी दिलं म्हणून ते मेले. प्रेषित पेत्र तसं म्हणतच नाही. तो म्हणतो, जमीन तुझीच होती, पैसे तुझ्याच हातात होते. म्हणजे अर्धे दिले असते आणि अर्धे म्हणून सांगितले असते तर काही बिघडलं नसतं. अर्ध्यावर 'पूर्ण'चं लेबल लावलं, हा मुद्दा. यापेक्षा जास्त समजावून मला कोण सांगणार होतं?

तरी मी काही केलं नाही. मार्चमध्ये फोन आला तोवर.

वर्षात संपूर्ण शास्त्र वाचून काढायचं असं दर जानेवारीला ठरवणारे माझ्यासारखे लोक मार्चच्या आसपास लेवीय या नियमांच्या पुस्तकात येऊन अडकतात. कातडं, चरबी, कुष्ठ, डाग. पुष्कळ जणांची गाडी तिथेच बंद पडते. माझी सहाव्या अध्यायाशी होती. त्या रात्री उघडलं. कोणी शेजाऱ्याला फसवलं, ठेवीत किंवा व्यवहारात लबाडी केली, तर त्याने ती वस्तू पूर्ण परत करावी, वर पाचवा हिस्सा घालावा, ज्याचं त्याला द्यावं, आणि मग दोषार्पण घेऊन याजकाकडे यावं. क्रम बघा. आधी शेजारी, मग वेदी. प्रभूनेही डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवला, अर्पण तिथेच वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर.

पण मग दावीद राजा? ५१व्या स्तोत्रात तो म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे. उत्तम शुक्रवारी, पापांगीकाराला, हे आपण किती वेळा म्हटलंय. मला नेहमी त्याच्या सैन्यातल्या उरीयाचं वाईट वाटतं. त्याची बायको नेली, त्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं, आणि पाप केवळ देवाविरुद्ध? पाळकांना विचारलं की ते चांगलं उत्तर देतात, प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्धच असतं वगैरे. मान्य आहे. पण मला वाटतं, उरीया मेला होता, त्याला परत करण्यासारखं दाविदाकडे काही उरलंच नव्हतं, म्हणून ते वाक्य त्याला शोभतं. माझ्या उरीयाचा तर मोबाइल नंबर माझ्याकडे होता.

नाथान संदेष्ट्याने, श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी कापल्याची गोष्ट सांगितली तेव्हा हाच दावीद संतापून म्हणाला होता, चौपट भरून दिलं पाहिजे. मेंढी चोरून कापणाऱ्याला नियमशास्त्रात तोच दर आहे. आपण होऊन कबूल करणाऱ्याला पाचवा हिस्सा, चोराला चौपट. आता यरीहोचा जक्कय बघा, लोकांकडून जास्त उकळणारा जकातदार. त्याला कोणी पकडलं नव्हतं, येशू त्याच्या घरी आला एवढंच. तो वीस टक्क्यांत सुटू शकत होता. त्याने उभं राहून स्वतःला चोराचा दर लावला. जकातदार माणूस, दर त्याला पाठ असणार!

मी जक्कय नाही. मी कॅल्क्युलेटर घेतलं. खऱ्या भावापेक्षा किलोमागे तीनशे जास्त घेतले होते, दोन किलोचे सहाशे, पाचवा हिस्सा एकशेवीस. सातशे वीस. चौपट केले तर किती, तेही करून पाहिलं आणि पटकन पुसलं.

नवरा म्हणाला, "अगं, त्यांना आवडलेत. त्या खूश आहेत. सांगून तू त्यांचा आनंद घालवणार, मग तुला बरं वाटणार. हे कोणासाठी चाललंय?" हा प्रश्न मला अजूनही टोचतो. कबुली देऊन हलकं व्हायचं आणि वजन दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, असंही होतं माणसांचं. पण आजी सुनेच्या माहेरी ज्या शब्दावर काजू वाटत होत्या, तो शब्द माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. सरळ सांगितलं. आजी, डिसेंबरात दिलेले काजू बहुतेक बाहेरचे होते, मी इथले म्हणून विकले, चुकलं माझं, सातशे वीस रुपये परत पाठवते. पलीकडे बराच वेळ काही नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे ते गोव्याचं न्हवतं?"

"नाही आजी."

"मग कुठलं?"

"आफ्रिकेतलं."

"आफ्रिकेतलं!" पुन्हा शांतता. "सुनेच्या आईला काय सांगू मी आता?" त्यात राग होता, आणि तो व्हायलाच हवा होता. मी काही बोलले नाही. शेवटी म्हणाल्या, "बरं. आता तेच पाठव, आम्हाला आवडलंय. पण भाव आफ्रिकेचा लाव."

लावला.

बाकीच्यांचं काय, हे मला सुटलेलं नाही. दीड महिना, रोज चार-पाच गाड्या. ना नाव, ना नंबर. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की परत घ्यायला कोणी नातलगही नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, याजकाकडे जावी. मी अंदाजाने आकडा काढला. तो कागद गल्ल्यात नोटांच्या खाली आहे. एकरकमी देण्याइतके पैसे नाहीत, आणि आहेत त्या दिवशी गॅस संपतो. थोडे थोडे दिलेत. पाळकांना सांगितलंय कशाचे आहेत ते. मंडळीपुढे साक्ष दिली होती, तशी ही अजून दिलेली नाही. म्हणून ही पोस्ट. तुमच्यातले बरेच जण त्या रविवारी तिथे होते.

पाकिटं बदलली. आता दोन बरण्या आहेत, एकीवर 'सत्तरीचे', दुसरीवर 'बाहेरचे', भाव वेगवेगळे. आज सकाळी एक भाऊ आले, बायकोमुलांसकट. दोन्ही बरण्या वाचल्या. "म्हणजे गोव्यातसुद्धा गोव्याचे नसतात?" म्हणाले, हसले, आणि समोरच्या दुकानात गेले. तिथे सगळेच गोव्याचे आहेत.