आईचे पाच देश राहिले

आज लोकलमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या टूरवाल्याचा मेसेज दाखवला आणि मुलुंडहून कुर्ला येईपर्यंत माझं डोकं तापलं. "मॅडम, डिस्नेचं तिकीट एकदा काढलं की दिवस वाढत नाहीत. आत्ताच सहा दिवसांचं घ्या."

हेच वाक्य मी ऐकलंय. "मॅडम"सकट.

जूनचा पहिला आठवडा, ऑर्लँडो, चार दिवसांचं तिकीट. आई भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिला राइडबिड काही नको. डिस्नेवर्ल्डच्या एपकॉट पार्कमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे मांडलेत, तेवढे बघायचे होते. मेक्सिकोपासून निघालो. नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली... प्रत्येक देशात बाईसाहेब बाकावर बसून छपरं निरखणार. अमेरिकेपाशी पोचतोय तोच फ्लोरिडाचा तो दुपारचा विजांचा पाऊस. जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा राहिले. तो चौथा दिवस होता.

हॉटेलवर येऊन टूरवाल्याला फोन लावला. "होत नाही मॅडम, नवीन एका दिवसाचं काढा." पाच माणसांचं! हिशेब केला, गप्प बसलो, आणि दुसरा दिवस मॉलमध्ये चॉकलेटं गोळा करण्यात घालवला.

अहो, होतं! मुदत संपायच्या आत पार्कच्या गेस्ट रिलेशन्सच्या, म्हणजे मदतीच्या, खिडकीवर जायचं, वरचा फरक भरायचा, दिवस वाढतो. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत वापरायचं असतं, म्हणजे आमच्या हातात वेळही होता. आणि दिवस वाढतील तसा दर दिवसाचा भाव उतरतो, त्यामुळे पाचवा दिवस सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडला असता. उलट न वापरलेल्या दिवसाचे पैसे कोणी परत देत नाही. मग म्हाताऱ्या माणसाचे गुडघे जूनमध्ये किती चालतील हे जानेवारीत मुलुंडला बसून कसं ठरवायचं? कमी दिवसांचं घ्या, पाय चालले तर वाढवा. एवढं सांगायला काय जातं?

काही सवलतीची तिकिटं वाढत नाहीत, ठीक आहे, मान्य. मग "तुमचं वाढणार नाही" असं म्हणा ना.

आपलीही सवय तशीच म्हणा. एस्सेलवर्ल्ड चालू होतं तेव्हा गोराईची बोट पकडायची, ते एका दिवसात संपवायचं, संध्याकाळी घरी. डिस्नेवर्ल्डमध्ये चार पार्क आहेत आणि चारही अवाढव्य, हे डोक्यात शिरतच नाही.

खरं सांगू? लिहितालिहिता राग टूरवाल्यावरून सरकतोय. आम्ही भिजत बाहेर पडलो तेव्हा ती खिडकी वाटेतच होती. आत एक मुलगी रिकामी बसलेली. मी तिला विचारलं नाही, मुलुंडला फोन केला.

मघाशी आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, मला वाटलं तू विचारलंस."