बॉनेटवरचा हात

मला जुनी जीप घ्यायची होती. मालाडला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, सकाळच्या लोकलने चर्चगेटला जाणाऱ्या आणि पावसाळ्यात पायथ्याच्या टपरीवर भजी खाऊन गड न चढताच परतणाऱ्या माणसाला चारही चाकांना जोर लावणारी गाडी कशासाठी हवी, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सुरात विचारला. फक्त बाबांनी तो विचारला नाही. त्यांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता “बघायला कधी जायचंय?” एवढेच विचारले, आणि माझ्या पुढच्या आठ रविवारांचा निकाल तिथेच लागला.

बाबा बेस्टच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षे फिटर होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी शेजारच्या घरातला मिक्सर सुरू झाला की ते भिंतीकडे पाहून “बुश गेलाय” असे पुटपुटतात. पहिल्या रविवारी ते खाली उतरले, तेव्हा त्यांच्या खांद्याला भाजीची कापडी पिशवी होती. तिच्यात टॉर्च, लहान हातोडी, हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर, एक विटकी चादर आणि आमच्या फ्रिजच्या दारावरून काढलेले, हापूस आंब्याच्या आकाराचे लोहचुंबक असा ऐवज होता. माझ्याजवळ गॉगल होता.

पहिली गाडी वर्सोव्याला होती. जुनी महिंद्रा एमएम 540, डिझेल, आणि रंग थेट लष्करी हिरवा. उन्हात ती अशी काही झळकत होती की मी मनातल्या मनात तिच्यासह दोन नद्या ओलांडून आलो. “गाडी एकदम मक्खन आहे, काका,” मालक म्हणाला. बाबांनी मक्खनाभोवती एक फेरी मारली आणि पिशवीतून आंबा काढला. तो बॉनेटला चिकटला. मग त्यांनी तो दरवाजाच्या खालच्या कडेला लावला, तर तो टपकन जमिनीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मागच्या चाकावरच्या पत्र्यावरही आंबा टिकेना. लोहचुंबक लोखंडाला चिकटते आणि लांबीला, म्हणजे पत्र्यात भरायच्या पुटीला, चिकटत नाही, हे शालेय विज्ञान त्या मालकाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आले. गंजून गेलेल्या पत्र्याची भोके लांबीने बुजवून, वर रंग मारून ती गाडी सजवलेली होती.

“पत्र्याचं एवढं काही नाही, पत्रा बदलता येतो,” असे म्हणून बाबांनी चादर अंथरली आणि ते गाडीखाली गेले. जीपच्या जातीची गाडी ही मुळात शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर उभी असते. इंजिन, बॉडी, सगळा भार त्या चौकटीवर, आणि स्प्रिंगचे पाटेही तिलाच जोडलेले. ती खाऊन गेली असेल तर वरचा डौल व्यर्थ. मुंबईत समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाडीवर खारी हवा बारा महिने काम करते आणि चार महिने पाऊस तिला हातभार लावतो. चौकटीवर नुकताच जाड काळा रंग मारलेला होता. बाबा हातोडीने ठोकत गेले : टण्, टण्, टण्, आणि मागच्या पाट्याला चौकटीशी जोडणाऱ्या कडीजवळ एकदम थप्. मग स्क्रू-ड्रायव्हर टोचला गेला आणि मालकाने “अहो काका!” असे ओरडायच्या आत तो दोन बोटे आत गेला. बाबा बाहेर आले, चादर झटकली आणि जाता जाता म्हणाले, “आणि हा रंग पण काढून टाका. पोलिसांनी अडवलं तर उत्तर नाही तुमच्याकडे.” ऑलिव्ह ग्रीन हा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनी संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे, हे मला त्या दिवशी कळले. ज्या रंगासाठी मी गाडी घेणार होतो, तो रंगच मला निषिद्ध होता.

दुसऱ्या गाडीसाठी मुलुंडला जायचे ठरले, तेव्हा बाबांनी मला फोनवर एकच वाक्य बोलायला लावले : “आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका.” मालक आनंदाने हो म्हणाला. आम्ही पोहोचलो, नमस्कार झाले, पाणी आले. बाबा पाणी न पिता गाडीपाशी गेले आणि आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होते. रात्रभर थंड पडलेले इंजिन पहिल्या किल्लीला कसे उठते, उठताना खोकते का आणि कोणत्या रंगाचा धूर सोडते, हे सगळे त्या पहिल्या मिनिटात दिसते. आणि ज्याला ते मिनिट दाखवायचे नसते तो पाहुणे येण्याआधीच गाडी तापवून ठेवतो. “सकाळी मुलाला क्लासला सोडलं,” मालक म्हणाला. मुलगा खिडकीत दात घासत उभा होता.

तरीही बाबांनी ती तपासली, कारण आलोच आहोत तर पाहून घ्यावे हा त्यांचा स्वभाव. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढले, तर आतून वाफेच्या इंजिनासारखा भक्-भक् धूर यायला लागला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली उतरतो आणि असा वाट काढतो. मागच्या नळीतून निळसर धूर येतच होता. निळा धूर म्हणजे इंजिन डिझेलबरोबर ऑइलही पीत आहे. नंतर त्यांनी पुढच्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्याचा, नट सैल करून आत बोट घातले आणि ते माझ्यापुढे धरले. बोटावर थेट कटिंग चहाच्या रंगाचे काहीतरी होते. ऑइल तपकिरी किंवा काळे असू शकते, पण दुधाळ दिसले की पाणी आत शिरले असे समजायचे. गाडी ओढ्यात घालून नंतर ऑइल बदललेले नाही, असा त्याचा अर्थ. “ही गाडी कधीच ऑफ-रोडला नेली नाही,” असे मालक दहा मिनिटांपूर्वीच म्हणाला होता. बाबांनी बोट पुसले आणि आता मात्र पाणी प्यायले.

मधल्या तीन गाड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एकीचे स्टिअरिंग पाव वळण फिरवले तरी चाकांपर्यंत निरोप पोहोचत नव्हता. दुसरीचे चार टायर चार मापांचे होते. चारही चाके एकत्र ओढणाऱ्या गाडीत असे टायर घातले की ते एकमेकांशी भांडतात आणि भुर्दंड गिअरपेटीला पडतो. शिवाय टायरच्या बाजूला छापलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ते वाचल्यावर त्यांतला एक टायर माझ्या लग्नाच्या वर्षीचा निघाला. तिसरीच्या कागदांवर पेट्रोल इंजिन होते आणि बॉनेटखाली डिझेल.

मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर पाहिलेली गाडी मात्र विसरता येत नाही. 2004 सालची जिप्सी, 1.3 लिटरचे पेट्रोल इंजिन, मूळचा पांढरा रंग, आणि मुख्य म्हणजे बॉनेट थंड. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झाले, धूर नाही, आवाज गोड. मारुतीने ही गाडी 1985 साली आणली, तेव्हा तिचे इंजिन 970 सीसीचे होते. हे मोठे इंजिन 1996 साली आले आणि 2000 साली त्याला कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन मिळाले, असे मी आठवडाभर वाचलेले सगळे ज्ञान तिथे मोकळे केले. बाबांनी ते ऐकून घेतले आणि मालकाला शांतपणे विचारले, “सव्वीस जुलैला गाडी कुठे होती?”

मुंबईत हा प्रश्न विचारताना साल सांगावे लागत नाही. 2005 सालच्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि मिठीकाठच्या गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. “तेव्हा गावाला होती, काका. लग्न होतं,” मालक तत्परतेने म्हणाला. बाबांनी मान डोलावली, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पट्टा ओढायला लागले. पट्टा जेवढा लावायला लागतो तेवढा सगळेच ओढतात. बाबा पतंगाची ढील द्यावी तसे ओढतच राहिले. शेवटच्या वीतभर भागात, जो एरवी कधीच बाहेर येत नाही, तिथे मातकट रंगाची आडवी रेघ होती. सीटच्या रुळांखाली टॉर्च मारला, तर कोपऱ्यात वाळलेला गाळ. एवढी वर्षे गेली, पण त्या गाळाने जागा सोडली नव्हती. “लग्नाला पूर आला होता वाटतं,” बाबा म्हणाले. वायरिंगच्या जोडांत एकदा असे पाणी शिरले की गाडी पुढे आयुष्यभर कधी दिवा, कधी हॉर्न, कधी पंप असे काहीतरी विसरत राहते.

आठव्या रविवारी आम्ही भांडुपला डोंगराच्या बाजूला गेलो. गाडी जिप्सीच होती, पण तिच्याकडे पाहून माझ्या मनात नदी सोडाच, साधे डबकेही आले नाही. रंग उडालेला, टप फाटलेला, आणि गंज दिसत होता तो उघडपणे दिसत होता. मालक साधारण बाबांच्या वयाचे. त्यांनी चहा देण्याआधी वहीचे एक पान दिले, ज्यावर दुसरा गिअर थंड असताना घासतो, मागचा ब्रेक गळतो, डावा दरवाजा उचलून लावावा लागतो, असे अकरा दोष क्रमाने लिहिलेले होते. बाबांनी तपासून त्यात फक्त बाराव्याची भर घातली : चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, वाजतो. मालकांनी पेन काढून तो लिहून घेतला. यानंतर त्या दोघांनी माझी दखल घेणे थांबवले.

चारही चाकांचा गिअर तपासायचा राहिला होता. तो कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकून वळण घ्यायचे नसते, कारण या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय मध्ये नसते, मग सगळा पीळ शाफ्टांवर येतो. त्यासाठी माती किंवा चिखल लागतो. आता चिखल कुठे शोधावा, असे मी म्हणालो, तर दोन्ही म्हाताऱ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवलेला होता आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. जिप्सी त्या खड्ड्यात उतरली, लो गिअर पडला, चारही चाकांनी माती धरली आणि ती संथपणे, कंबर हलवत वर आली. दोन रिक्षावाले टाळ्या वाजवत होते.

पुढचे कागदांचे पर्व मी थोडक्यात सांगतो. बाबांनी चौकटीवरच्या चेसिस नंबरावर कागद धरून, लहान मुले नाण्याचा छाप काढतात तसा पेन्सिलीने छाप घेतला आणि तो नोंदणी पुस्तकाशी अक्षर अक्षर जुळवला. पंधरा वर्षे उलटल्यामुळे फिटनेस चाचणी देऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढवलेली होती, ती कधी संपते ते पाहिले. पर्यावरण कर भरल्याची पावती, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेली चलाने, सगळे पाहिले, आणि मगच मला मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करू दिली.

गाडी आली त्याला आता दोन महिने झाले. मी अद्याप तिच्यासह एकही नदी ओलांडलेली नाही, कारण बाबा म्हणतात की क्रॉस बदलल्याशिवाय आणि ब्रेकचे सिलिंडर नवे घातल्याशिवाय ती सोसायटीच्या फाटकाबाहेर न्यायची नाही, आणि मी ते ऐकतो.

परवा रविवारी साडेसहाला मी खाली उतरलो. कोणी उठले नव्हते. तिच्याजवळ गेलो आणि आठ रविवारांच्या सवयीने बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होते. वर आलो, तर बाबा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, आणि दारात काढलेल्या त्यांच्या चपलांना घोट्यापर्यंत पोहोचेल एवढा ओला, लाल चिखल लागलेला होता.

“दूध आणायला गेलो होतो,” ते म्हणाले.