फ्रेशर

नोकरीच्या फॉर्मवर 'अनुभव' नावाचा एक रकाना असतो. मी त्यात लिहिलं, 'लग्न झाल्यापासून'. टेबलापलीकडच्या पोराने ते वाचलं, त्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'फ्रेशर'.

जळगावात हायवेला नवीन हॉटेल झालं होतं. गल्लीतल्या एकीने बातमी आणली की तिथे बायका घेताहेत, पगार बँकेत जमा होतो आणि एक वेळचं जेवणही मिळतं. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्यात 'सेटल होतोय', आणि हे दिवसभर दुकानात. मी म्हटलं, बघावं. कामाचं नाव हाउसकीपिंग अटेंडंट. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे घरी करतेस तेच ना?" मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी भांडले नाही.

आम्हाला शिकवायला नाशिकहून एक सर आले. वयाने माझ्या मुलाहून लहान, शर्ट कडक इस्त्रीचा, बुटात तोंड दिसावं एवढी पॉलिश. पहिल्याच तासाला त्यांनी सांगून टाकलं, "घरी जे करता ते आधी विसरा." आता ते विसरायचं म्हणजे सासूबाईंची सगळी मेहनत पाण्यात. पण पगार बँकेत जमा होणार होता, तेव्हा मी विसरायला तयार झाले.

सुरुवात पलंगापासून. गादीवर आधी प्रोटेक्टर, त्यावर खालची चादर, त्यावर वरची चादर आणि त्यावर ड्युवे, म्हणजे जाडजूड पांढरी दुलई. जळगावात. मे महिन्यात. बाहेर पारा 45 ला टेकलेला, आत एसी 18 वर, आणि ह्या भांडणात माणूस दुलई ओढून झोपलेला. सर म्हणाले, ह्याला लक्झरी म्हणतात. आमच्याकडे अशा माणसाला थर्मामीटर लावतात.

तरी दुलई सोपी. माझा जीव घेतला तो चादरीच्या कोपऱ्याने. चादरीची मधली घडी गादीच्या बरोबर मध्यावर आणायची. डोक्याकडची बाजू आधी खोचून घ्यायची. मग कोपऱ्यापासून हातभर अंतरावर चादरीची कड चिमटीत धरून वर उचलायची आणि गादीवर टाकायची. तिथे त्रिकोण होतो, निदान सरांचा होतो. खाली लोंबणारा भाग गादीखाली सारायचा, वरचा त्रिकोण अलगद खाली सोडायचा आणि तोही आत दाबायचा. कोपऱ्यावर 45 अंशाची तिरपी रेघ उमटली पाहिजे. 45 अंश म्हटल्यावर आम्ही सगळ्या जणींनी आधी पदराने घाम पुसला. जळगावकराला हा आकडा दुसऱ्या कुठल्या कामासाठी वापरतात हे माहीतच नव्हतं.

ह्या कोपऱ्याला 'हॉस्पिटल कॉर्नर' म्हणतात. नणदेच्या उशाशी मी दवाखान्यात रात्री काढल्या आहेत. तिथल्या चादरीला कोपरे होते हेच मला आठवत नाही.

माझा त्रिकोण कधी चौकोन व्हायचा, कधी करंजी. शेजारच्या पलंगावर धरणगावहून आलेली एक पोरगी होती. तिने हात-पाय लावून, गादी मांडीवर घेऊन कसाबसा कोपरा बसवला, उभी राहिली आणि कंबर धरून म्हणाली, "व माय, इतलामा तं मी दहा भाकरी टाकी देती!" सरांना अहिराणी कळत नव्हती. ते म्हणाले, "व्हेरी गुड."

मग उशी. अभ्रा घालताना उशी हनुवटीखाली दाबून धरायची नाही. हे वाक्य कानावर पडलं तेव्हा वर्गातल्या प्रत्येकीच्या हनुवटीखाली एक उशी होती. ज्या उशीवर उद्या परका माणूस डोकं ठेवणार तिला आपला घाम, आपली पावडर लावायची नाही, असं कारण सांगितलं. पटलं. पण मग दोनच हात उरतात आणि उशी, अभ्रा आणि पदर ह्या तिघांना ते पुरत नाहीत. शिवाय अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या उलट्या दिशेला हवं. का, म्हणून विचारलं तर सर म्हणाले, "स्टँडर्ड आहे." सासूबाई म्हणायच्या, "रीत आहे." दोघांनाही पुढचा प्रश्न आवडत नाही.

फडक्यांच्या बाबतीत मात्र सरांनी मला जिंकलं. आमच्या घरात बनियन कधी मरत नाही. आधी ती ह्यांच्या अंगावर असते, मग ओट्यावर येते, तिथून फरशीवर आणि शेवटी स्कूटरच्या डिकीत. हॉटेलात फडक्याची बदली होत नाही. आमच्याकडे लाल फडकं कमोडचं, पिवळं बेसिनचं, निळं काचेचं आणि फर्निचरचं, हिरवं खाण्यापिण्याच्या जागेचं. लाल फडकं चुकून बेसिनजवळ दिसलं तर सुपरवायझरबाईंचा चेहरा त्या फडक्याच्या रंगाचा होतो. एकीकडचे जंतू दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून ही सोय. तेव्हापासून लग्नाकार्याला कुठल्या लॉजवर उतरले की मी पाण्याचा ग्लास स्वतः विसळून घेते. कारण विचारू नका, जेवणाची वेळ असेल.

बाटल्यांवर साध्यासोप्या नावांऐवजी नंबर असतात. आर-टू सगळीकडे चालतं, आर-थ्री काचेला, आर-फोर लाकडाला, आर-सिक्स कमोडला. धरणगावचीने विचारलं, "ह्या काय एस्टीना नंबर शेतस का?" सर एका बाबतीत मात्र कडक होते: अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आमच्या गल्लीत 'दोन्ही थोडं थोडं टाकलं की चकचकीत निघतं' अशी श्रद्धा आहे. बायका खोकत, डोळे पुसत बाहेर येतात आणि एकमेकींना कौतुकाने सांगतात, "केवढं स्ट्राँग आहे बघ!" मी घरी गेल्या गेल्या सगळ्यांना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे 'हिला नोकरी काय लागली' अशा नजरेने पाहिलं.

बाकी पुसायचं वरून खाली आणि दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे काही सुटत नाही. बोअरच्या पाण्याने नळांवर चढलेली पांढरी पुटं मी घरी लिंबाने काढते, इथे बाटलीने काढतात. ह्यात काही विशेष नाही.

खरी गाडी अडली ती दारावर. तीनदा टकटक करायची, 'हाउसकीपिंग' म्हणायचं, थांबायचं, पुन्हा टकटक, पुन्हा थांबायचं, मग दार जरासं उघडून पुन्हा एकदा सांगायचं. खान्देशात दारावर टकटक करतो तो एक तर वसुलीवाला नाहीतर जनगणनेवाला. बाकीचे "कोनी शे का घरमा?" असं विचारेपर्यंत ओट्याजवळ पोचलेले असतात. आत गेल्यावर गेस्टच्या पलंगावर टेकायचं नाही, फोन वाजला तरी उचलायचा नाही, टेबलावरचा चिठोरासुद्धा फेकायचा नाही आणि स्वतःहून गप्पा मारायच्या नाहीत. सर म्हणाले, "तुम्ही येऊन गेलात हे गेस्टला कळता कामा नये. त्याच्या आधी खोलीत कोणी राहून गेलंय हे तर अजिबात नाही. बाथरूममध्ये एक केस सापडला तर सगळं काम फुकट."

इथे माझं आणि ह्या धंद्याचं बिनसलं ते अजून जुळलेलं नाही. आपण किती राबलो हे पाहुण्याला कळणार नसेल तर राबायचं कशाला? आमच्याकडे पाहुणा आला की खापराच्या पुरणपोळ्या होतात, आमरस होतो. तो नको नको म्हणत वाटीवर हात आडवा धरतो आणि आपण त्याच्या बोटांच्या फटीतून रस ओततो. मग तो चिडतो, आपण हसतो, आणि गावी जाऊन तो वर्षभर सांगत राहतो की काय माणसं आहेत! इथे गेस्टने दारावर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी अडकवली की आपण मोजे घालून पुढे सरकायचं.

ह्या पाटीचा सगळ्यात जास्त ताप सोमवारी. जळगावाहून अजिंठा साठेक किलोमीटर, त्यामुळे लेणी बघणारे बरेच जण आमच्याकडे उतरतात. आणि लेणी सोमवारी बंद असतात. जे चौकशी न करता रविवारी रात्री येऊन पडतात ते सोमवारी सकाळी गेटबाहेरच्या रिक्षावाल्याकडून ही बातमी ऐकतात, रागारागाने खोलीत परत जातात, पाटी लावतात आणि संध्याकाळी पाच वाजता फोन करतात की आमची खोली अजून कशी झाडली नाही. अजिंठ्याच्या 12 नंबरच्या लेण्यात भिक्षूंच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत दोन-दोन पलंग, दगडातच कोरलेले. चादर नाही, अभ्रा नाही, कोपरा नाही. सोमवारी संध्याकाळी मला त्या काळातल्या हाउसकीपिंगवाल्यांचा हेवा वाटतो.

पुढे लग्नसराई लागली आणि हवा थोडी फिरली. एका वऱ्हाडाने हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलांना हळदीचे हात पुसले. लॉन्ड्रीतल्या मुलाने ते नेहमीच्या पावडरीत टाकले. बाहेर काढले तर पिवळे डाग लालभडक! त्याला वाटलं रक्तच आहे. सर धावत आले, टॉवेल दोन बोटांत धरून म्हणाले, "डिस्कार्ड." धरणगावची आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. साबणातल्या खाराने हळद लाल होते, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोराला माहीत. आम्ही टॉवेल खळखळून धुतले आणि ओलेच गच्चीवर नेऊन पसरले. ऊन हळद खातं, आणि आमच्या गच्चीवरच्या उन्हाची भूक तर तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी सर टॉवेल उलटसुलट करून बघत राहिले. "कुठलं केमिकल वापरलं?" मी वर बोट दाखवलं. त्यांनी आधी छताच्या पंख्याकडे बघितलं.

केळीच्या चिकापुढे मात्र आम्हीही हरतो. रावेरकडचे केळीवाले उतरले की एखादी चादर गेलीच म्हणून समजा. ताजा असतो तेव्हा चीक दिसतच नाही, मग तपकिरी होतो, मग काळा, आणि मग कायमचा. अशी चादर 'कंडेम' करतात. कंडेम म्हणजे कात्रीने कापून तिची फडकी करतात. शेवटी लक्झरीसुद्धा आमच्या बनियनच्याच वाटेने जाते.

त्याच सराईत नातवाच्या लग्नाला आलेल्या एक आजी 204 मध्ये होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि पलंगाखाली पत्र्याची पेटी. मी टकटक करून 'हाउसकीपिंग' म्हटलं तर आतून आवाज आला, "ये ना माय, दार उघडंच शे." बघते तर दुलई चौकोनी घडी करून खुर्चीवर, पलंगावर घरून आणलेली गोधडी, आणि आजी हॉटेलच्या न्हाणीघराची फरशी पुसताहेत. मी म्हटलं, "आजी, हे माझं काम आहे." म्हणाल्या, "तू बस जराशी. काय दिनभर धावपळ करी ऱ्हायनी!" पलंगावर बसायचं नाही हा नियम मी त्यांना समजावून सांगितला. त्यांना तो अपमान वाटला. मला, हॉटेलला, की पलंगाला, ते कळलं नाही, पण त्यांनी पेटीच पुढे सरकवली आणि मी पेटीवर बसले. पेटीबद्दल सरांनी काहीच सांगितलेलं नव्हतं.

आजी गेल्या त्या दिवशी सुपरवायझरबाई 204 तपासायला आल्या. कचरापेटी रिकामी, आरसा लख्ख, नळावर एक थेंब नाही. त्यांनी दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. दाराच्या वर आजींचा हात कसा पोचला हे मला अजून कळलेलं नाही. "तू केलंस?" "नाही, गेस्टने." आता कागदावर लिहायचं काय? गेस्ट गेला की खोली 'व्हेकंट डर्टी', असा नियम. बाई दारात पेन घेऊन उभ्या राहिल्या आणि शेवटी 'डर्टी' लिहून मला सगळं उलटंपालटं करून पुन्हा लावायला सांगितलं.

उशी उचलली तर खाली कागदाची पुडी. चार दशम्या आणि लसणाची चटणी. खोलीत मागे राहिलेली वस्तू म्हणजे लॉस्ट अँड फाउंड, मग ती सोन्याची अंगठी असो की चार्जर. पुडी रजिस्टरवर चढली: 'खोली 204, दशम्या 4, चटणी 1 पुडी, अवस्था ताजी.' रिसेप्शनवरून नातवाला फोन लावला. त्याने तो आजींच्या हातात दिला असावा, कारण पलीकडून एवढ्या मोठ्याने उत्तर आलं की लॉबीतल्या गेस्टनीही माना वळवल्या. "ऱ्हायना नही व माय, तुन्हाकरता ठेवेल शे!"

तरी एकदा रजिस्टरवर चढलेली वस्तू अशी सोडता येत नाही. खाण्याच्या वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात, मग सही करून विल्हेवाट लावतात. दशमी दुधात भिजवलेली असते, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हे मी सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर पॅन्ट्रीत आले, दार लावून घेतलं आणि 'विल्हेवाट' ह्या रकान्यात सही केली. मग आम्ही तिघांनी मिळून ती लावली. चटणी जहाल होती. नाशिकच्या माणसाच्या डोळ्यांना धार लागली आणि ते चाचपडत फडकं शोधायला लागले. हाताला एक लागलं.

"सर, ते लाल शे!" धरणगावची ओरडली.