पेटीचे 200 विजय ‘फुगवलेले’?

नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेचा, विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: ड्रायव्हर रिचर्ड पेटीचे 200 विजय फुगवलेले आहेत. लहान शर्यती, समोर कोणी नाही, बापाचं गॅरेज, वर नियमभंग, आणि 200वा विजय तर राष्ट्राध्यक्षांसाठी आधीच ठरवलेला.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. 1967 साली पेटी 48 शर्यतींत उतरला आणि 27 जिंकला, त्यातले लागोपाठ 10. त्यातल्या बऱ्याच शर्यती छोट्या ट्रॅकवरच्या, काही तर मातीतल्या. पण 1972 पासून वर्षातल्या शर्यती 30च्या आसपास आल्या, आणि त्यानंतरही त्याने 60 जिंकल्या. सातपैकी चार अजिंक्यपदंही त्यानंतरचीच. डेटोना 500 ही सगळ्यात मानाची शर्यत तर पहिल्यापासून 500 मैलांची, ती त्याने सात वेळा मारली.

‘समोर कोणी नाही’ हे मात्र त्याचा प्रतिस्पर्धी ड्रायव्हर डेव्हिड पिअर्सनचं नाव न ऐकलेल्यानेच म्हणावं. हे दोघे 63 वेळा पहिले-दुसरे आले. त्यात पिअर्सन 33, पेटी 30! जिंकण्याची टक्केवारीही पिअर्सनचीच सरस: 574 शर्यतींत 105 विजय. पिअर्सनला थोर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मीही म्हणतो. पण मग समोर कोणी नव्हतं कसं?

बापाचं म्हणाल, तर गॅरेज बापाचं, ली पेटीचं होतं हे खरं. पण 1959 साली अटलांटाच्या लेकवूड ट्रॅकवर पोराला पहिला विजय जाहीर झाल्यावर तक्रार कोणी केली? याच लीने. फेऱ्या पुन्हा मोजल्या आणि विजय बापाच्या नावावर गेला. असे लाड!

नियमभंगाचं म्हणाल, तर 1983 ची शार्लटची शर्यत मला स्वतःला खटकते. इंजिन मर्यादेपेक्षा मोठं निघालं, टायरही नियमबाह्य. 35,000 डॉलर दंड झाला, 104 गुण कापले, पण विजय काढून घेतला नाही. माझ्या मते काढायला हवा होता. मग 199 धरा.

राहिला 200वा विजय, 4 जुलै 1984 चा. राष्ट्राध्यक्ष रेगन डेटोनात हजर, म्हणून निकाल ठरलेला म्हणे. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उरल्या असताना मागे एक गाडी उलटीपालटी झाली. तेव्हाच्या नियमाने अपघाताचं पिवळं निशाण लागल्यावर रेषेपर्यंत जो आधी पोचेल तो जवळपास जिंकलाच. पेटी आणि केल यारबरो दाराला दार घासत रेषेवर आले, पेटी जेमतेम बंपरभर पुढे. हा यारबरो म्हणजे 1979 साली याच ट्रॅकवर ॲलिसन भावांशी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर हाणामारी केलेला गडी. तो मुद्दाम मागे राहील? उलट त्याला वाटलं शर्यत संपली, आणि तो सरळ पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, शिरला. चूक कळून बाहेर येईपर्यंत हॅरी गँट दुसरा झाला होता.